मामाच्या शहरात हॉटेल

आमच्या घरी उन्हाळ्याचा बेत कधी ठरवावा लागला नाही. तो मामाच्या फोनने ठरायचा. गुढीपाडव्याच्या मागेपुढे एखाद्या संध्याकाळी आईचा मोबाइल वाजायचा, आई पदराला हात पुसून तो घ्यायची, आणि पुढचं बोलणं दोघांना पाठ असल्यासारखं व्हायचं.

"कवा येतं वं बाई?"

"यंदा नाई जमत दादा. यायच्या कारखान्याचं शटडाऊन हाये, पोट्टीचं ऑफिस हाये."

"जास्त शानपना नको करू. तिकीट काढ अन् गुपचूप ये."

"अरे पन दादा..."

"पन-बिन काई नाई. आंबे उतरवून ठेवतो."

आई हसायची. फोन ठेवल्यावर मला म्हणायची, "पाह्य वं, तिकीट भेटते का."

तिचा नकार खरा नसायचा, मामाचं रागावणंही खरं नसायचं. पण ही दोन्ही झाल्याशिवाय आई सुरतेतून हलली नसती. भावाने बोलावल्याशिवाय माहेरी जायचं नाही आणि त्याने बोलावल्याबरोबर लगेच हो म्हणायचं नाही, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. तिची आई तसंच करायची.

बाबा हजीऱ्याला एका कारखान्यात कंत्राटी फिटर आहेत. दरवर्षी मे महिन्यात तिथे मोठी दुरुस्ती निघते, तेच शटडाऊन, त्या दिवसांत त्यांना सुट्टी नसते. त्यामुळे मामाकडे आम्ही दोघीच जायचो. डिंडोलीतून रिक्षाने स्टेशन, मग ती लांबलचक गाडी, नंदुरबार, भुसावळ, अकोला, आणि दुसऱ्या दिवशी भंडारा जिल्ह्यातलं मामाचं गाव. गाडीतून उतरताच आई बदलायची. तिचा आवाज मोठा व्हायचा, चाल बदलायची. मी मात्र तिथे पोचले की आणखी गप्प व्हायचे. "सुरतची इंग्लिशवाली आली," असं कुणीतरी म्हणायचं. वाईट हेतू नसायचा त्यात. पण नंतर मामेबहिणी ओट्यावर बसून काही कुजबुजत असल्या आणि मी गेले की विषय बदलायच्या. आई स्वयंपाकघरात बायकांच्या घोळक्यात. मी खिडकीशी पुस्तक घेऊन. सुट्टीभर मला आई मिळायची ती फक्त गाडीत, जाताना आणि येताना.

मग एका वर्षी मामाने गावचं घर आणि शेत विकलं आणि तो मुलापाशी नागपूरला गेला, मानेवाड्याकडे कुठेतरी फ्लॅटमध्ये. त्या वर्षी आम्ही गेलोच नाही, कारण सामान लावणं चाललं होतं. पुढच्या वर्षी मामेभावाचं लग्न झालं, ते मार्चमध्ये, आणि आम्ही लग्नाच्या हॉलवरूनच परत आलो. त्याच्याही पुढच्या वर्षी पाडव्याला फोन आला नाही.

आई मोबाइल आता स्वयंपाकघरातल्या खिडकीत ठेवू लागली. तिथे रेंज चांगली येते.

मी इच्छापोरच्या एका कारखान्याच्या ऑफिसात काम करते. परदेशी जाणाऱ्या मालाची कागदपत्रं तयार करते. जेवणाच्या सुट्टीत आम्ही सहा-सात जणी एका टेबलाशी बसतो आणि मार्च लागला की सगळ्यांचं एकच बोलणं असतं, यंदा कुठे. या शहराला फिरायचं वेड आहे. कुणी हिमाचलला जाणार, कुणी केरळला, बरोबर खाखऱ्याचे डबे आणि कैरीचा छुंदा, शेजारपाजारच्या तीन घरांसकट. मला कुणी विचारलं तर मी गावाचं नाव न सांगता "नागपूर" म्हणायचे आणि त्या "ओह, नेटिव", म्हणजे आपल्या गावी, म्हणून पुढे जायच्या. त्या वर्षी मला वाटलं की आपणही एखादं ठिकाण सांगावं.

संध्याकाळी कंपनीच्या बसमध्ये मी फोनवर वाचत बसू लागले. नागपूरजवळ पेंच, चंद्रपूरजवळ ताडोबा. उन्हाळ्यात झाडी विरळ होते, जनावरं पाण्यावर येतात, म्हणून पाहायला तेच दिवस चांगले. आधी एक रात्र शहरात, मग जंगल, मग दुसरं शहर, मग दुसरं जंगल. वाघाचं मला फार कौतुक होतं असं नाही. मला दिसायची ती शहरातली हॉटेलची खोली. दुपारची वेळ, पडदे ओढलेले, आई आणि मी एका पलंगावर आडव्या पडलेल्या, कुणासाठी काही रांधायचं नाही, कुणाची वाट पाहायची नाही. सकाळी आईने स्वतः न केलेला नाश्ता तिने खायचा. आम्ही दोघी आजवर कुणाकडे तरीच गेलो होतो. नुसत्या दोघी कुठेच गेलो नव्हतो. मला तेवढं हवं होतं.

मी आईला सांगितलं तेव्हा ती जमिनीवर साडी पसरून तिच्यावर डायमंड चिकटवत होती. आमच्या गल्लीत निम्म्या बायका हे काम करतात. मार्केटमधून साड्या येतात, ट्यूबने गोंदाचा ठिपका द्यायचा आणि त्यावर चमकता खडा बसवायचा.

"जंगलात?" ती म्हणाली. "वाघ पाहाले?"

"हो. जीप असते, गाइड असतो."

"आमच्या गावात वाघ आला का लोक घरात घुसत होते. तू पैसे देऊन त्याच्याकडं चालली?"

बाबा हसले. मीही हसले. आईने आणखी दोन खडे बसवले आणि वर न बघता विचारलं, "नागपूर लागते का रस्त्यात?"

"लागतं. एक रात्र तिथे."

"एकच?"

तिथून बेत बदलायला लागला. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, एवढ्या लांबून गेल्यावर एका रात्रीत थकवा निघत नाही, दोन कर. मी दोन केल्या. मग म्हणाली, नागपुरात दीक्षाभूमी आहे, तलाव आहे, तू काही पाहिलंच नाहीस. पेंच गळलं आणि नागपूर आणखी वाढलं. मी लॅपटॉपवर रकाने सरकवत होते आणि मला सगळं कळत होतं. एकदा मी विचारलंही, "मामाकडे उतरायचं का?"

"बोलावलं कुठं त्यानं?" ती पटकन म्हणाली. मग थोड्या वेळाने, "हॉटेलच पाह्य. पन स्टेशनजवळ नको, तिथं गलका असते. मानेवाड्याच्या आंगाले काई असन तं पाह्य."

मी पाहिलं. नकाशावर मामाच्या इमारतीपासून चालत जाण्याइतक्या अंतरावर एक लहानसं हॉटेल मिळालं. तिथल्या रात्री, मग चंद्रपूरच्या, आणि ताडोब्याच्या मोहर्ली गेटची सकाळची सफारी, दोन जागा, सगळं बुक केलं. उन्हाळ्यातल्या जागा फार लवकर भरतात, म्हणून मी घाई केली. तिथे प्रत्येकाचं नाव आणि ओळखपत्र द्यावं लागतं आणि नंतर बदल होत नाही. आईचं आधार कार्ड मी तिच्या डब्यातून काढून घेतलं. तिने विचारलं नाही. मी आनंदात होते. जेवणाच्या टेबलाशी मी एकदा आपणहून यंदाचा बेत सांगितला, "आ वखते ताडोबा, मम्मी साथे." शेजारची बेन म्हणाली, "वाह, मम्मी साथे! मारे तो सासू साथे जवानुं छे, वाघ नी शी जरूर?" सासूबरोबर जाणारीला वाघ कशाला, यावर सगळ्या हसल्या, आणि त्या हसण्यात मीही होते.

एका रविवारी आईने स्वतःच मामाला फोन लावला.

"सांगून ठेवतो त्याले," ती मला म्हणाली, "नाई तं मागाहून म्हणन का मले सांगतलंच नाई."

तिच्या बोटांना गोंद होता म्हणून तिने फोन स्पीकरवर टाकून साडीच्या काठाशी ठेवला. बाबा पलंगावर बसून नखं काढत होते. मी गव्हाची चाळणी घेऊन बसले होते. आईच्या चेहऱ्यावर ते जुनं हसू येऊन थांबलं होतं, मामाने ओरडायला सुरुवात करण्याआधीचं.

"दादा, आमी नागपूरले येऊन रायलो मे मधी. पोट्टीनं जंगलाचं काई काढलं हाये. तू काई तरास घेऊ नको, हॉटेल बुक केलं तिनं."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. कुणीतरी टीव्हीचा आवाज कमी केला.

"हॉटेल?" मामा म्हणाला.

"हव. चांगलं हाये म्हन्ते."

"बरं झालं बाई," मामा म्हणाला. "आजकाल हॉटेलच बरं पडते. एसी-बीसी असते. उन बी लय हाये इकडं."

आईचं हसू तसंच राहिलं. तिला वाटलं असावं की तो अजून बोलायचा आहे. मग ती म्हणाली, "हव ना."

"एखांद्या दिवशी चक्कर मारजो घरी."

"हव."

फोन बंद झाला. तिने खडा उचलला आणि फुलाच्या पाकळीत बसवायचा तो देठावर बसवला, मग नखाने खरवडून काढला.

"काय म्हणाला?" बाबांनी विचारलं. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"काई नाई. बरं झालं म्हने."

त्या संध्याकाळी भाकरी थापताना ती म्हणाली, "तू जा बेटा जंगलात. मले नाई जमत. माल पूर्ण कराचा हाये."

तिचे खोटे नकार मी लहानपणापासून ऐकत आले आहे. हा तसा नव्हता.

त्या फोनमध्ये मला आणखी एक गोष्ट ऐकू आली होती, जी तिला आली नाही. "बरं झालं बाई" म्हणताना मामाचा श्वास सुटला होता. तो आवाज माझ्या ओळखीचा आहे. कुणी घरी यायचं ठरवतं, मी दिवसभर आतून आखडून बसते, आणि मग त्यांचा निरोप येतो की जमत नाही. तेव्हा मी "अरेरे" म्हणते, त्यात हाच श्वास असतो. त्याचा अर्थ माणसं नको झाली असा नसतो. पण हे मी आईला कसं सांगणार होते? तिच्या दृष्टीने भावाने दार लावलं होतं. बोलावणं नाही म्हणजे माहेर नाही, तिचा हिशेब सरळ होता.

पुढचे काही दिवस ती नीट बोलली, नीट जेवली. फक्त नागपूर हा शब्द घरातून गेला. मोबाइल खिडकीतून उठून फ्रिजवर गेला. मी लॅपटॉप उघडून बघायचे. दोन जागा, दोघींची नावं, सगळं होतं तसंच.

मला फोन करायला आवडत नाही. शेजारच्या टेबलावरच्या माणसालाही मी मेल पाठवते, यावरून ऑफिसात माझी थट्टा होते. मामाला तर मी जन्मात कधी फोन केला नव्हता. आई बोलायची आणि शेवटी "घे, मामाशी बोल" म्हणून माझ्या कानाला लावायची, मी "बरी आहे" म्हणायचे, संपलं. त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी डबा न उघडता गच्चीवर गेले. पाण्याच्या टाकीची सावली होती तेवढ्यात उभी राहिले आणि काय बोलायचं ते दोनदा मनात म्हणून घेतलं.

"काय झालं वं?" मामा एकदम म्हणाला. "आई बरी हाये ना?"

"बरी आहे मामा. सगळे बरे आहेत."

"मंग?"

मनात म्हणून ठेवलेलं सगळं नाहीसं झालं. मी म्हणाले, "तुम्ही आईला बोलावलं नाही."

मग तो चपला घालून बाहेर आल्यासारखा वाटला, कारण मागे रस्त्याचे आवाज सुरू झाले.

"तू घर पाह्यलं कुठं बेटा," तो म्हणाला. "दोन खोल्या हायेत. एक पोराची अन् सुनेची. मी अन् तुही मामी हॉलमधी. सकाळी गादी गुंडाळली का तो हॉल, नाई तं झोपाची खोली. तुह्या आईले म्या आंगनात बाज टाकून देत होतो. पाट्यावरच्या चटनीपासून तिच्या मनासारखं राह्यचं सगळं. आता तिले कुठं निजवू? संडासच्या दारापाशी? तिनं हॉटेल म्हटलं, मले वाटलं देवच पावला."

"तिला तसं नाही वाटलं."

"मले समजलं ते. फोन ठेवल्यावर समजलं. मंग पुन्हा काय तोंड घेऊन करू फोन?"

मी टाकीच्या पत्र्यावर बोट फिरवत होते. पत्रा तापलेला होता. "मामा, झोपायला हॉटेल आहेच," मी म्हणाले. "तुम्ही फक्त बोलवा."

"मंजे?"

"नुसतं म्हणा. ती नाही म्हणेल. तुम्ही रागवा, नेहमीसारखं. मग ती म्हणेल हॉटेल बुक झालंय. मग तुम्ही म्हणा, बरं, निदान जेवायला ये. आम्ही जेवायला येऊ. झोपायचा प्रश्नच येणार नाही."

मामा हसायला लागला. आधी हळू, मग खोकला येईपर्यंत. "मंजे खोटं-खोटं भांडू म्हन्तं?"

"हो."

"वा रे पोट्टी! आमी तुले मुकी समजत होतो इतकी वर्सं."

"मी फोन केला हे तिला सांगू नका."

"नाई सांगत. आईची लेक हायेस खरी."

खाली आले तेव्हा टेबल रिकामं झालं होतं. मी एकटीने डबा खाल्ला. मला स्वतःचं फार कौतुक वाटत होतं. दुपारभर मी चुका न करता काम केलं.

फोन आला तो दुसऱ्याच संध्याकाळी. आई कणीक मळत होती. मी तिच्या कानाला फोन लावून धरला, त्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं.

"बाई, म्या इचार केला," मामा म्हणाला. "हॉटेलात कायले राह्यतं तू? घर नाई का मले?"

"असू दे दादा. तुले तरास."

"तरास? भाऊ मेला का तुहा, का तू त्याच्या गावात हॉटेलात राह्यशीन?"

"असं नको बोलू दादा."

इथपर्यंत ठरल्याप्रमाणे होतं. मला हसू दाबावं लागत होतं. आई म्हणाली, "बुक झालं ना आता," अगदी मी सांगितलं होतं तसं, जणू तिलाही मीच पढवलं होतं. आता मामाने जेवायला ये म्हणायचं होतं.

"बुक झालं तं होऊ दे," मामा म्हणाला. "जमीन इकली म्हून काय भाऊबी इकला का म्या?" त्याचा आवाज मध्येच फाटला. हे आमच्यात ठरलेलं नव्हतं. "लहान घर हाये, लाज वाटत होती मले. ते सांगता येत नोव्हतं. हॉलमधी झोपू तिघं. लहानपनी एका गोधडीत नोव्हतो का झोपत? तू ये. नाई आली तं मी येतो गाडीत बसून, तुले नेतो ओढत."

आईच्या कोपरापर्यंत कणीक लागली होती. ती रडत होती आणि डोळे पुसायला तिचा हात मोकळा नव्हता. मी माझ्या ओढणीने पुसले.

"हव," ती म्हणाली. "येतो."

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिने फोनवरच हो म्हटलं.

मोबाइल पुन्हा खिडकीत आला. आता तो सारखा वाजायचा. मामी, सून, कुठली तरी मावसबहीण. आईचा माल भराभर संपला. तिने मार्केटमधून मामीसाठी, सुनेसाठी साड्या आणल्या, सुरतेतून जाणाऱ्याने रिकाम्या हाताने जायचं नसतं. आणि नागपूरचा बेत त्यांनी तिकडे परस्पर आखला. अमक्या दिवशी रामटेक, अमक्या दिवशी आईच्या भंडाऱ्याच्या आत्याकडे, अमक्या दिवशी घरी पुरणाचं. मामेभावाने त्यासाठी गाडी सांगून ठेवली. त्यातला आत्याकडे जायचा दिवस नेमका आमच्या ताडोब्याच्या सफारीचा होता.

आईने मला ते सांगायला दोन दिवस घेतले.

"तू म्हनशीन तं येतो वं मी जंगलात," ती म्हणाली. ती माझी ओढणी घडी करत होती, उगाच. "त्यायले सांगतो, आत्याकडं नंतर जाऊ."

ती खरंच आली असती. मी एक शब्द बोलले असते तर आली असती, जीपमध्ये बसली असती आणि आत्याकडे काय चाललं असेल याचा विचार करत राहिली असती. मी म्हणाले, "नको आई. बरंच झालं. उन्हाचा तुला त्रासच झाला असता."

"नाई तं काय," ती म्हणाली. किती हलकी होऊन म्हणाली ते मी ऐकलं.

बाबांनी फक्त एवढं विचारलं, "एकटी जाशील?" मी हो म्हटलं. "फोन चालू ठेव," ते म्हणाले. आणि दुसऱ्या दिवशी हजीऱ्याहून येताना त्यांनी माझ्यासाठी एक टोपी आणली, कारखान्यातल्यासारखी, कानावरून खाली येणारी. बाहेरगावी जाणाऱ्या मुलीला काय द्यायचं असतं ते त्यांना माहीत नसावं.

नागपूरला मामा फलाटावर आला होता. त्याने आईच्या हातातली बॅग घेतली आणि दोघं बोलत पुढे चालू लागली, जिना आला तरी मागे बघितलं नाही. घरी जेवलो. हॉलमध्ये गाद्या घालून पाहिल्या तेव्हा तीनच बसत होत्या, चौथी घातली की दार उघडत नव्हतं. मामा खजील झाला. मी म्हणाले, "मामा, माझं हॉटेल बुक आहे ना," आणि तो माझ्याकडे बघून डोळ्यांनी हसला. आमच्या दोघांच्या गुपिताएवढी जवळीक माझी त्या घरात कधी कुणाशी झाली नव्हती. हॉटेल खरंच चालत जाण्याइतकं जवळ होतं. मामेभाऊ मला सोडून गेला.

नागपुरात मी दीक्षाभूमी पाहिली, तलाव पाहिला. रोज जेवायला मानेवाड्याला जायचे. आई वाढायला असायची, तिचा पदर खोचलेला, आवाज मोठा. "अजून घे ना वं," ती मला म्हणायची, पाहुणीला म्हणतात तसं.

मग मी चंद्रपूरला गेले, एकटी. पहाटे मोहर्लीच्या गेटवर माणसाने नावं वाचली तेव्हा आईचंही वाचलं. मी म्हणाले, "आल्या नाहीत." त्याने मान हलवली, असं रोज होत असणार. जीपमध्ये एक कुटुंब होतं, नवरा-बायको आणि दोन मुली, आणि मी मागच्या बाकावर रिकाम्या जागेशेजारी. सांबरं दिसली, रानगवे दिसले. आणि उन्हं वर आल्यावर एका पाणवठ्यावर वाघीण दिसली. ती पाण्याकडे पाठ करून उलटी-उलटी आत शिरली, मागचे पाय आधी, एखादी म्हातारी बाई नदीत बसते तशी, आणि बसल्यावर तिने डोळे मिटले. समोरच्या बाईने नवऱ्याचं मनगट धरलं. मुली एकमेकींच्या कानात बोलल्या. माझी मान आपोआप डावीकडे वळली आणि तिथे पाण्याची बाटली ठेवलेली होती. मी पुन्हा वाघिणीकडे पाहू लागले. ती फार सुंदर होती. गाइड म्हणाला, "नशीबवान आहात."

दुपारी चंद्रपूरच्या खोलीत मी पडदे ओढून आडवी पडले होते. बाहेर रस्ता उन्हाने रिकामा झाला होता. आत्याच्या घरूनच आईचा फोन आला. तिथे काय झालं, कुणी कुणाला ओळखलं नाही, मामाने किती आंबे आणले, सुनेला साडी किती आवडली, ती एका दमात सांगत होती. मी "हो" म्हणत होते. मग ती म्हणाली, "अन् तू? वाघ दिसला का?"

"दिसला आई. वाघीण होती. पाण्यात ती अशी..."

"थांब वं," ती म्हणाली, आणि फोनपासून लांब होऊन, "हव, आली! आली ना!" तिने फोन कुठेतरी ठेवला. बंद करायला विसरली. भांड्यांचा आवाज आला. मामा काहीतरी म्हणाला आणि चार-पाच जणं हसली, त्यांत आईचं हसू वेगळं कळत होतं. कुणीतरी पाटा धुतला असावा, पाणी ओतल्याचा आवाज आला. "दादा, तू बस ना रे आधी," आई म्हणाली.

मी फोन कापला नाही. स्पीकरवर टाकून शेजारच्या उशीवर ठेवला. मग एसीचा पंखा हळू केला, म्हणजे नीट ऐकू येईल.